मेंटेनन्सवाल्यांचं गाव

काल पहाटे ओसाकाहून निघालो तेव्हा माझ्या ड्राफ्ट्समध्ये एक मेल पडून होती. पुण्यातल्या मॅनेजरला लिहिलेली. सभ्यपणाचा मजकूर वगळला तर तिचा सारांश एवढाच, की बाबा रे, मला या मेंटेनन्स प्रोजेक्टमधून बाहेर काढ, नाहीतर मी माझा रस्ता शोधतो. तिकडे एक नवा कोरा प्रोजेक्ट सुरू होतोय, सगळी अद्ययावत टेक्नॉलॉजी वगैरे. हवा असेल तर सोमवार सकाळपर्यंत सांग, असं त्यानेच कळवलं होतं. 'सेंड' दाबायचं तेवढं बाकी होतं. म्हटलं, वीकएंड जाऊ दे, रविवारी रात्री दाबू.

आमच्या धंद्यात 'मेंटेनन्स' हा शब्द जरा खालच्या आवाजात उच्चारतात, हे तुमच्यापैकी निम्म्या लोकांना सांगायला नकोच. कुणी विचारलं काय करतोस, तर "सध्या जरा सपोर्टमध्ये आहे" असं 'सध्या' आणि 'जरा' लावूनच सांगायचं. लग्नाच्या बायोडेटात तीस वर्षं जुन्या कोबोल प्रोग्रॅमची देखभाल करतो, असं लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मी नेमकं तेच करतोय. एका क्लायंटच्या गोदामांचा हिशेब ठेवणारी प्रणाली आहे. ती ज्यांना आतून-बाहेरून माहीत आहे असे एकच गृहस्थ आहेत आणि ते मार्चअखेर निवृत्त होतायत. (मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणतो.) जाण्याआधी त्यांच्या डोक्यातलं सगळं माझ्या डोक्यात उतरवायचं, याला इथे 'हिकित्सुगी' म्हणतात. आपल्याकडे हँडओव्हर म्हणजे दोन तासांची मीटिंग आणि एक एक्सेल शीट. आजोबांनी एका रात्रीच्या बॅचवर चार आठवडे घेतले! ही ओळ इथे का आहे, हा शून्य कुणी आणि कशासाठी टाकला, त्या वर्षी काय बिघडलं होतं... मी जांभया दाबत लिहून घेत होतो.

शुक्रवारी त्यांना विचारलं, दोन दिवस आहेत, कुठे जाऊ? म्हणाले, मात्सुयामाला जा. किल्ला बघ आणि आंघोळ कर. मी म्हटलं, आणि? म्हणाले, आणि परत ये.

तर गेलो.

मात्सुयामा म्हणजे शिकोकू बेटावरचं सगळ्यात मोठं शहर, वस्ती पाचेक लाख. शिकोकूवर शिंकानसेन जात नाही. ओकायामापर्यंत तिने जायचं, मग 'शिओकाझे' नावाची गाडी पकडायची. शिओकाझे म्हणजे समुद्रावरचा वारा. ही गाडी 1988 साली सुरू झालेल्या सेतो पुलावरून समुद्र ओलांडते आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने, मधूनमधून संत्र्यांच्या बागांमधून, तुम्हाला मात्सुयामाला आणून सोडते. गावात ट्राम आहे. ओतेमाची नावाच्या स्टेशनापाशी ट्रामचे रूळ आणि रेल्वेचे रूळ एकाच पातळीवर काटकोनात एकमेकांना छेदतात. फाटक पडतं, ट्राम मुकाट्याने थांबते, आगगाडी जाते, मग ट्राम जाते. मी खाली उतरून दोन वेळा बघितलं. (इंजिनियर माणसाला याहून चांगलं प्रेक्षणीय स्थळ दाखवा.)

किल्ला गावाच्या मधोमध, 132 मीटर उंचीच्या टेकडीवर आहे. वर जायला रोपवे आहे आणि त्याच्या शेजारी एकेकट्या माणसाला बसायच्या खुर्च्यांची लिफ्टही आहे. तिकीट एकच, बसा कशातही. मी खुर्ची घेतली. जानेवारीतल्या थंडीत पाय लोंबकळत सोडून एकटंच हवेतून जाताना राजीनाम्यासारखे विचार फार छान सुचतात, हा अनुभव घेतला.

आता थोडा इतिहास. जपानमध्ये किल्ल्यांचे मुख्य बुरूज, म्हणजे ज्याला ते 'तेन्शू' म्हणतात, जुन्या काळापासून टिकलेले असे फक्त 12 उरलेत. बाकी ठिकाणी जे दिसतं ते नंतरचं. ओसाकाचा तेन्शू 1931 सालचा, काँक्रीटचा आहे आणि आत चक्क लिफ्ट आहे. मात्सुयामा त्या 12 अस्सलांपैकी एक. कातो योशिआकी नावाच्या सरदाराने 1602 मध्ये इथे काम सुरू केलं. पण ते पूर्णपणे भोगायच्या आधीच, 1627 मध्ये, त्याची बदली उत्तरेकडे आइझूला झाली. (प्रोजेक्ट संपता संपता दुसऱ्या अकाउंटवर. चारशे वर्षांत काही बदललेलं नाही.)

चपला काढून, सपाता घालून मी आत शिरलो. लाकडी जिने असले उभे की दोन्ही हातांनी धरून चढावं लागतं. आपण 1602 च्या लाकडावर पाय ठेवतोय म्हणून मी भारावून वगैरे गेलो होतो. आणि मग एका फलकावर वाचलं, की हा तेन्शू 1852 सालचा आहे.

म्हणजे काय? तर 1784 मध्ये वीज पडून आधीचा तेन्शू जळाला. परत उभा राहिला तो 1852 मध्ये, 68 वर्षांनी! टिकलेल्या 12 मध्ये हा सगळ्यात तरुण. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, 1853 मध्ये, अमेरिकेची काळी जहाजं घेऊन पेरी जपानच्या दारात आला. अजून वीस वर्षांत असले किल्ले नकोत म्हणून सरकारचा हुकूमच निघाला. म्हणजे हे लोक एक अशी गोष्ट जुन्या पद्धतीने पुन्हा बांधत होते, जिचा लढाईला उपयोग जवळपास संपला होता.

मी मनात म्हटलं, मग हे अस्सल कसं? पहिला माझा राग फसवल्यासारखा होता. खरं सांगतो, पैसे वसूल न झाल्याचा. पण वरच्या मजल्यावरून सगळीकडे पसरलेलं गाव आणि पलीकडे सेतोचा समुद्र बघत बसलो, आणि मग या किल्ल्याची हिशेबवही आमच्या इन्सिडेंट लॉगसारखी डोक्यात मांडली. 1784, वीज. 1933, कुणीतरी लावलेली आग, छोटा तेन्शू आणि त्याच्या आजूबाजूचं खाक. 1935 मध्ये उरलेल्या 35 वास्तूंना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. 1945 च्या जुलैत विमानांतून बॉम्ब पडले, त्यात 11 गेल्या. 1949 मध्ये पुन्हा आग, अजून 3 गेल्या. उरल्या 21. आणि मग 1966 पासून गावाने जळालेल्या वास्तू एकेक करून पुन्हा उभारायला घेतल्या. त्या काळात किल्ला पुन्हा बांधायचा म्हणजे काँक्रीट ओतायचं, अशी सर्रास रीत होती. इथे त्यांनी लाकूड घेतलं.

खालच्या वाटेवर दोन दरवाजे शेजारी शेजारी आहेत. मोठा त्सुत्सुइ दरवाजा, जो 1949 च्या आगीत गेला आणि 1971 मध्ये पुन्हा बांधला. आणि त्याच्या बाजूला काकुरेमोन, म्हणजे लपलेला दरवाजा. मोठ्या दरवाजावर चालून आलेल्या शत्रूच्या पाठीवर इथून हल्ला करायचा. हा जुनाच आहे. मी दोन्हींसमोर पाच-पाच मिनिटं उभा राहिलो. जुना कुठला आणि नवा कुठला हे मला फलक वाचूनच कळलं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या सुताराचा आणि 1971 च्या सुताराचा हात मला वेगळा ओळखता आला नाही. आता यात माझं अज्ञान किती आणि त्यांचं कौशल्य किती ते तुम्ही ठरवा. पण मला तरी तिथे उभं राहून असं वाटलं, की या गावाने जपलेली खरी वस्तू लाकूड नव्हे. लाकूड तर जळतंच. जपलंय ते 'कसं बांधायचं' हे. मधली 68 वर्षं डोंगरावर तेन्शू नव्हता, तरी तो कसा बांधायचा हे गावात कुणाला तरी ठाऊक राहिलं. त्याला हिकित्सुगी नाही म्हणायचं तर काय?

याची दुसरी बाजूही त्याच डोंगरावर आहे. 2024 च्या जुलैत, 12 तारखेच्या पहाटे, पावसाने या टेकडीची एक बाजू खाली वस्तीवर कोसळली. तीन माणसं गेली. वरच्या वाहनांच्या रस्त्याला आधीपासून तडे होते आणि त्याच्या दुरुस्तीचं काम त्याच महिन्यात सुरू झालं होतं. दोष कुणाचा हे ठरवणारा मी कोण? पण तडा दिसणं आणि काम सुरू होणं यांच्या मधला काळ किती महाग असू शकतो, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने विचार करण्यासारखं आहे. 'बॅकलॉगमध्ये टाकून ठेवू' हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलंय! आमच्याकडे फार तर गोदामाचा हिशेब चुकतो.

संध्याकाळी ट्रामने दोगोला गेलो. गावाच्या एका टोकाला गरम पाण्याचे झरे आहेत, जपानमधल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक ठिकाण. आख्यायिका अशी, की एक पांढरा बगळा आपला दुखरा पाय रोज या पाण्यात बुडवून बरा झाला, ते पाहून माणसंही उतरली. तिथली मुख्य इमारत, 'होनकान', 1894 सालची. तीन मजली, लाकडी, छपरांवर छपरं, सगळ्यात वर लाल काचांची चौकोनी माडी आणि तिच्यावर तो बगळा. त्या माडीत नगारा आहे. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला तो वाजतो.

ही इमारत बांधली इसानिवा युकिया नावाच्या इथल्या पहिल्या नगराध्यक्षाने. एवढ्याशा गावात स्नानगृहावर एवढा खर्च कशाला, म्हणून लोक खवळले होते. त्याने स्वतःचा पगार घेतला नाही, आणि शंभर वर्षांनीही दुसऱ्या कुणाला जमणार नाही अशी वास्तू आत्ताच बांधली तर तिचा उपयोग, असं लोकांना पटवत राहिला, असं सांगतात. बरोबर शंभर वर्षांनी, 1994 मध्ये, ती राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक वास्तू ठरली. चालू सार्वजनिक स्नानगृहाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. आणि ही बांधणारा मुख्य सुतार साकामोतो माताहाचिरो. त्याचं घराणं किल्ल्याच्या सुतारकामाचं. किल्ले बांधायचे दिवस संपले, तर त्या हातांनी स्नानगृह बांधलं! बाहेरून होनकान किल्ल्यासारखं का दिसतं हे मग लक्षात येतं.

आता या पोस्टचा खरा मुद्दा. 2019 च्या जानेवारीत होनकानची मोठी दुरुस्ती सुरू झाली. ती संपून इमारत पूर्ण उघडली 11 जुलै 2024 ला, म्हणजे डोंगर कोसळण्याच्या आदल्याच दिवशी. साडेपाच वर्षं लागली. पण साडेपाच वर्षं टाळं ठोकलं नाही. टप्पे पाडले, एका भागात काम चालू आणि दुसऱ्या भागात लोक आंघोळ करतायत. सव्वाशे वर्षांची लाकडी इमारत, आत गरम पाणी, रोजची गर्दी, आणि शेजारी सुतार. प्रॉडक्शन सर्व्हर बंद न करता त्याचं इंजिन बदलणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी रात्री तीन वाजता केलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. बरं, काम लपवलंही नाही. इमारतीवर तेझुका ओसामूच्या 'अग्निपक्ष्या'ची चित्रं आणि रोषणाई केली, पुढे अख्ख्या इमारतीला रंगीबेरंगी चित्रांचं आवरण घातलं. काम चालू आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, अशी पाटी लावायच्या ऐवजी, काम चालू आहे, बघायला या!

आज पहाटे पावणेसहाला, मिट्ट काळोखात, मी रांगेत उभा होतो. पुढे-मागे बरेचसे म्हातारे, हातात स्वतःचा साबण आणि टॉवेल, म्हणजे रोजचेच. सहाला नगारा वाजला आणि आत सोडलं.

आंघोळीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे कुटुंबवत्सल लोकही वाचतात. अंगावर काही ठेवायचं नाही. आधी बाहेर स्टुलावर बसून स्वच्छ धुवायचं, मग कुंडात उतरायचं. पहिली दोन मिनिटं आपण मराठी मध्यमवर्गीय आहोत हे फार जाणवतं. मग लक्षात येतं, की इथे कुणाला तुमच्याकडे बघण्यात काडीचाही रस नाही. भिंतीवर पाटी आहे, 'बोच्चान, पोहू नका.' बोच्चान हा नात्सुमे सोसेकीच्या 1906 च्या कादंबरीचा नायक. सोसेकी 1895 मध्ये इथे इंग्रजीचा मास्तर होता. त्याच्या नायकाने या गावाला भरपूर नावं ठेवली, चांगलं म्हटलं ते एका आंघोळीला. आणि गावाने काय करावं? ट्रामच्या रुळांवरून धावणाऱ्या गाडीला बोच्चान, स्टेडियमला बोच्चान, तीन रंगांच्या गोड गोळ्यांना बोच्चान! वाईट रिव्ह्यू पचवावा तर असा.

पाणी 18 वेगवेगळ्या झऱ्यांचं, कुठलं 20 अंशांचं तर कुठलं 55. ते मिसळून साधारण 42 वर आणतात. वेगळं तापवायचं नाही, साधं पाणीही घालायचं नाही. 1854 च्या आणि 1946 च्या भूकंपांत हे झरे आटले होते, मग परत आले. कुंडात गळ्यापर्यंत बुडून मी हा विचार करत होतो, की यातलं एकही काम बाहेरून दिसत नाही. कुणीतरी रोज ते मिश्रण जुळवतं. जुळलं नाही तरच लोकांच्या लक्षात येणार.

माझं मत विचाराल तर आपण प्रवासात चुकीच्या गोष्टीचे फोटो काढतो. 'जुनं' म्हणून ज्याच्यासमोर उभे राहतो, ते जुनं राहिलेलं नसतं. कुणीतरी ते पुन्हा पुन्हा नवं केलेलं असतं. आणि इथे मला घर आठवलं, कारण 12 हा आकडा आपलाही आहे. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, 11 महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्या दिवशी माझ्या फोनवर अभिनंदनाचे इतके मेसेज आले की जणू राजगड मीच बांधला. आनंद मलाही झाला. पण यादीत जाणं हे बक्षीस नव्हे, ते मेंटेनन्सचं कंत्राट आहे, आणि त्यावर शेवटची तारीख नाही. आपल्यातले काही जण रविवारी गडावर जाऊन पाण्याच्या टाक्यांतला गाळ उपसतात, ते मला या बाबतीत फार पुढचे वाटतात. त्यांचे फोटो कमी येतात, कारण गाळ फोटोत चांगला दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं गोड आहे, पण कौतुकाने पोट भरत नाही. अगदी बरोबर. इथली ती बोच्चान गाडी (दिसायला वाफेची, पोटात डिझेलची) 2023 च्या शेवटी काही महिने बंद होती, कारण चालवायला पुरेशी माणसं नव्हती. जपणाऱ्या माणसांना पगार, बढती आणि हाताखाली एक शिकाऊ माणूस दिला नाही, तर जपणूक आजोबांबरोबर निवृत्त होते. आमच्या कंपन्यांत नवं बांधणाऱ्याला टाळ्या आणि चालू ठेवणाऱ्याला रात्रीचे फोन, ही वाटणी चुकीची आहे. नुसतं 'मेंटेनन्स थोर आहे' असं म्हणून ती सुटणार नाही.

हे परतीच्या गाडीत लिहितोय. सेतोचा पूल आत्ताच गेला. ड्राफ्ट्समधली मेल उघडली आणि बदलली. आता तिच्यात तीन गोष्टी आहेत. मार्चअखेरपर्यंत मी इथेच राहतो. हिकित्सुगीला माझ्याबरोबर एक ज्युनियर पाहिजे, कारण एका डोक्यातून पुन्हा एकाच डोक्यात भरण्यात काही अर्थ नाही. आणि हे काम अप्रेझलमध्ये 'सपोर्ट' म्हणून नाही, काम म्हणून लिहिलं गेलं पाहिजे. तिसऱ्या मुद्द्यावर तो हसेल. दुसऱ्याला बजेट नाही म्हणेल. नवा प्रोजेक्ट तर गेलाच.

पाठवली.

असो. आजोबांसाठी संत्री घेतलीत. उद्या त्यांना विचारायचंय की तो शून्य नेमका कुठल्या साली टाकला होता. त्यांनी सांगितलं होतं, माझ्या वहीत नाहीये.